ओळख क्रमांक असताना जन्ममृत्यूच्या नोंदी कशाला?

अर्धाकोड

नमस्कार मंडळी,

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या टीमकडे नागरी नोंदणीची प्रणाली नव्यानं बांधायचं काम आलंय. जन्म, मृत्यू, उपजत मृत्यू (म्हणजे मृत बाळाचा जन्म), विवाह, घटस्फोट, दत्तक, सगळं एका छताखाली. हातात पडलेल्या मसुद्याचं पहिलंच वाक्य 'राष्ट्राच्या विकासासाठी नागरी नोंदणी अत्यंत महत्त्वाची आहे' असं आहे आणि पुढची पानंच्या पानं तेच घोळवलंय. वाचून संपलं तरी महत्त्वाची म्हणजे नेमकी कशी, ते काही कळलं नाही. म्हणून इथे विचारतो.

लोकसंख्या जनगणनेतून कळते. बालमृत्यू, प्रजनन दर वगैरे सर्वेक्षणातून काढतात. ओळख पटवायला बोटांचे ठसे घेऊन क्रमांक देता येतो. मग प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची, ती घडल्या घडल्या, एकही न सोडता नोंद करायचा एवढा खटाटोप कशासाठी? खोचकपणे विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

दुसरं म्हणजे, मृत्यूच्या कारणासाठी मसुद्यात भाग एक, भाग दोन, क-ख-ग-घ ओळी, प्रत्येक ओळीपुढे कालावधी असं बरंच काही मागितलंय. आमचा डिझायनर म्हणतो, एक ड्रॉपडाऊन देऊ, म्हणजे यादीतून एक कारण निवडायचं, विषय संपला. द्यावा का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कट्टेकरी

ड्रॉपडाऊन द्याच. पहिला पर्याय 'दाखल्यासाठी घातलेले हेलपाटे' ठेवा.

(बाकी मी बसलोय. बारनिशीताई येतीलच.)

बारनिशी

आले. निवृत्त झाले तरी हा विषय निघाला की राहवत नाही. माझी सगळी नोकरी सांख्यिकी खात्यात, मृत्यूच्या कारणांना संकेतांक (कोड) लावायच्या टेबलावर गेली. तेव्हा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

जनगणना बहुतेक देशांत दहा वर्षांनी एकदा होते. दोन जनगणनांच्या मधे जन्मलं आणि मधेच गेलं, असं मूल तिला कधीच दिसत नाही. सर्वेक्षणवाले आईला विचारून ते शोधतात, पण नमुन्यातल्या घरांपुरतं. त्यातून देशाचा दर मिळतो. अमुक जिल्ह्यात यंदा अर्भकं जास्त का दगावली, हे विचारलंत तर सर्वेक्षण हात वर करतं, कारण त्या जिल्ह्यातली त्याच्या वाट्याला आलेली घरं मूठभर. शिवाय मधल्या वर्षांतली लोकसंख्या तरी कुठून आणणार? मागची मोजणी, अधिक जन्म, उणे मृत्यू, आणि आलेगेले. ह्यातल्या दोन रकमा नोंदवहीतूनच येतात. त्या नसल्या की छेद, म्हणजे दर काढताना ज्यानं भागायचं ती लोकसंख्या, अंदाजाचा होतो आणि मग लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर गेल्याचे अहवाल निघतात. हे विनोदानं सांगत नाही. बऱ्याच देशांच्या प्रशासकीय आकडेवारीत असे जिल्हे सापडतात. मुलं किती हेच धड माहीत नसतं, म्हणून टोचलेली मुलं असलेल्या मुलांपेक्षा जास्त भरतात.

आता बोटांचे ठसे. काल आलेला माणूस आणि आज आलेला माणूस एकच, एवढं ठसा सांगतो. तो कधी जन्मला, कुठे, कोणाच्या पोटी, हे सांगत नाही. मुलगी चौदाची की अठराची, हे तिचं लग्न थांबवताना सिद्ध करावं लागतं. आरोपी मुलगा सज्ञान आहे की नाही, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. सैन्यात ओढून नेलेला पोरगा पोरगाच होता, हेही. ह्या वेळी कामाला येतो तो जन्मानंतर लगेच, कसलाही वाद नसताना केलेला लेख. वाद उभा राहिल्यावर काढलेल्या प्रतिज्ञापत्राला ते वजन नाही. आणि तुमच्या ओळख क्रमांकांच्या यादीला मृत्यूची नोंद जोडलेली नसेल, तर त्या यादीत कोणी मरतच नाही. पेन्शन चालू राहते, मतदार यादी फुगत जाते.

तुमच्या मसुद्यात बहुधा नसेल, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी: देशाचं आयुर्मान काढता यावं म्हणून कोणीही मृत्यूची नोंद करायला जात नाही. माणूस दाखल्यासाठी जातो. घर नावावर करायचंय, विम्याचे पैसे अडलेत, विधवेची पेन्शन सुरू करायचीय. आकडा हे दाखल्याचं उपउत्पादन आहे. म्हणून जिथे दाखल्याचा उपयोग नाही, तिथे आकडाही नाही.

कोणाच्या नोंदी गळतात ते बघा, म्हणजे पटेल. जिच्या नावावर काहीच नव्हतं त्या बाईच्या मृत्यूची नोंद राहून जाते, कारण वारसाहक्काचा प्रश्नच आलेला नसतो. अनेक देशांत बायकांच्या मृत्यूंची नोंद पुरुषांपेक्षा कमी भरते, ती बऱ्याच अंशी ह्यामुळे. त्याहून जास्त गळतं ते पहिल्या चारदोन दिवसांत गेलेलं बाळ. त्याच्या दाखल्याचं घरच्यांनी काय करायचं? जन्माची नोंद नाही, म्हणून मृत्यूचीही नाही. सरकारच्या लेखी ते आलंही नाही आणि गेलंही नाही. पुढे अहवालात त्या भागाचा अर्भकमृत्यू दर छान कमी दिसतो आणि त्याच जोरावर तिथे नव्या प्रसूतिकक्षाची गरज नाही असं ठरतं.

युनिसेफच्या २०२४ अखेरच्या अहवालाप्रमाणे जगात पाच वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांची जन्मनोंद झालेली नाही, त्यातली निम्म्याहून जास्त सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. आणखी ५ कोटींवर मुलांची नोंद आहे, पण हातात दाखला नाही. अर्धाकोड, हा दुसरा आकडा खास तुमच्यासाठी. नोंद झाली त्याच बैठकीत दाखला छापून हातात पडला पाहिजे. 'आठ दिवसांनी या' हे वाक्य तुमच्या प्रणालीतून काढलंत, तरी तुमचा पगार वसूल.

ड्रॉपडाऊनचं उद्या लिहिते. ते थोडक्यात होणार नाही.

अर्धाकोड

ताई, मनापासून धन्यवाद. 'उपउत्पादन' हे डोक्यात पक्कं बसलं. मग एक विचारू का? जन्मदाखल्याशिवाय शाळा नाही, लस नाही, असं केलं तर नोंदी शंभर टक्के होतील ना?

बारनिशी

नको. नोंद न करणारा असतो बाप, आणि शाळा बुडते पोराची. दाखल्यामुळे काहीतरी सोपं होऊ दे, दाखला नाही म्हणून दार बंद नको. बाळाला लस टोचून घ्यायला आलेल्या आईला तिथेच नोंद करता आली, तर ती आनंदानं करेल. रवांडानं कायदा बदलून दवाखान्यातच जन्ममृत्यूची नोंद होण्याची सोय केली. शहाणपणाचा बदल आहे. जिथे घटना घडते तिथे नोंद. माणसानं कागद घेऊन फिरायचं नाही.

सक्तीमुळे आणखी एक होतं. दाखल्यासाठी लोक तारखा बनवतात. मोठ्या वयात केलेल्या नोंदी जन्मतारखेप्रमाणे लावून बघा, १ जानेवारीला जन्मलेल्यांची झुंबड दिसेल. मृतांच्या वयांचंही तसंच. ६०, ६५, ७० वर उंच दांडे आणि मधे खड्डे, आलेख दात पडलेल्या कंगव्यासारखा दिसतो. नव्या माणसाला मी आधी हाच आलेख काढायला लावायचे. एकूण मृत्यू किती ते नंतर. नोंद करणाऱ्यानं वय विचारलं की अंदाजानं लिहिलं, हे त्यातून लगेच कळतं.

आता कारणाचा रकाना.

ही सगळी विद्या सुरू झाली ती लंडनच्या मृत्युयाद्यांवरून. तिथे आठवड्याला मेलेल्यांची यादी छापत. प्रेत बघून कारण ठरवायला म्हाताऱ्या बायका नेमलेल्या असत. जॉन ग्राँट नावाच्या कापडवाल्यानं वर्षानुवर्षांच्या याद्या जमवल्या आणि १६६२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्त जन्मतात, लहान मुलं भयंकर प्रमाणात मरतात, हे त्यानं आकड्यांनी दाखवलं. पण मला तो आवडतो तो दुसऱ्याच कारणानं. त्यानं याद्यांवर आंधळा विश्वास टाकला नाही. उपदंशानं झिजून मेलेला माणूस ह्या बायका थोडी दारू आणि चिरीमिरी घेऊन 'क्षय' म्हणून लिहितात, असा संशय त्यानं तेव्हाच नोंदवून ठेवला. म्हणजे मृत्यूचं कारण लाजेखातर बदलतं, हे आमच्या धंद्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

पुढे १८३७ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये नागरी नोंदणी सुरू झाली आणि १८३९ पासून विल्यम फार ह्या माणसानं त्या नोंदींमधून आकडे काढायला घेतले. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा उसळला, तेव्हा डॉ. जॉन स्नोनं फारच्याच नोंदणी कार्यालयाकडून मृतांची यादी घेतली आणि ८३ मृत्यूंचा माग काढत निघाला. बहुतेक घरं ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाजवळची निघाली. गंमत अशी, की फारला तेव्हा कॉलरा दूषित हवेतून येतो असंच वाटत होतं. पाण्याचा सिद्धांत त्याला बरेच दिवस पचला नाही. तरी त्याच्या कार्यालयातली यादी त्याच्याच मताविरुद्ध पुरावा झाली. चांगली नोंदवही अशी असते. लिहिणाऱ्याचं मत काय आहे, ह्याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

आता तुमच्या क-ख-ग-घ ओळी. ही रचना आंतरराष्ट्रीय आहे. उगाच वाढवलेला पसारा नाही. माझ्या टेबलावर यायचे तसले दोन अर्ज दाखवते.

पहिला:
क) हृदयक्रिया बंद पडणे
ख) –
ग) –

दुसरा:
क) फुफ्फुसातल्या धमनीत गुठळी (एक तास)
ख) मांडीच्या हाडाचं फ्रॅक्चर (बारा दिवस)
ग) घरात जिन्यावरून पडणे (बारा दिवस)
भाग दोन (साखळीत नसलेलं, पण हातभार लावणारं दुखणं): हाडं ठिसूळ झालेली

पहिल्यातून मला काहीच मिळत नाही. हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं. मेला म्हणून मेला, असं लिहिल्यासारखं आहे ते. त्याला रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला 'आय ४६' असा संकेतांक लागतो आणि आमच्यात अशा संकेतांकांना सरळ कचरा म्हणतात. दुसरा अर्ज वाचला की वरून खाली साखळी दिसते. गुठळी का झाली, तर आजी हाड मोडून पडून होत्या. हाड का मोडलं, तर जिन्यावरून पडल्या. मोजणीत त्यांचा मृत्यू गुठळीखाली जात नाही, 'डब्ल्यू १०' खाली, म्हणजे जिन्यावरून पडण्याखाली जातो. ज्याला पुढचा मृत्यू टाळायचाय त्याला सर्वात खालची ओळ लागते. कठडे लावा, दिवे लावा, म्हाताऱ्यांच्या हाडांकडे बघा. कालावधीचा रकाना साखळी उलटी लिहिली गेली तर पकडायला. खालच्या ओळीतलं दुखणं वरच्यापेक्षा नवं असूच शकत नाही.

तुमच्या ड्रॉपडाऊनमध्ये घाईत असलेला माणूस यादीतला पहिला ओळखीचा शब्द निवडणार, आणि तो शब्द 'हृदयविकार' असणार. मग देश हृदयरोगाची रुग्णालयं बांधत बसेल.

अतिशयोक्ती वाटत असेल तर तीन उदाहरणं देते. पोर्तो रिकोत २०१७ च्या मारिया चक्रीवादळाचे बळी अधिकृतपणे ६४ होते, कारण प्रमाणपत्रावर वादळाचा उल्लेख असलेलेच मोजले. वीज नाही म्हणून यंत्र बंद पडून गेलेला रुग्ण त्यात नव्हता. पुढच्या वर्षी नोंदवलेले सगळे मृत्यू नेहमीच्या वर्षांशी ताडून पाहिले, तेव्हा आकडा २,९७५ निघाला. पेरूनं २०२१ मध्ये मृत्युनोंदणी आणि इतर याद्या जुळवून कोविडच्या मृत्यूंचा फेरआढावा घेतला. ६९,३४२ चे १,८०,७६४ झाले. तिसरं, भारतातलं सर्पदंशाचं. साप चावलेला माणूस बहुधा रुग्णालयात पोचण्याआधीच जातो, म्हणून रुग्णालयांच्या हिशोबात तो नसतो. नमुना नोंदणीतल्या, म्हणजे देशभरातून नमुन्यादाखल निवडलेल्या घरी जाऊन, घरच्यांना लक्षणं विचारून कारण ठरवलं, तेव्हा २००५ ह्या एका वर्षात सुमारे ४६ हजार मृत्यू निघाले. सापाच्या विषावरची लस किती बनवायची आणि कुठल्या गावात ठेवायची, हे ह्या आकड्यावर ठरायला हवं. रुग्णालयाच्या रजिस्टरवर ठरवलं तर ती चुकीच्या ठिकाणी जाऊन पडते.

उलटतपासणी

बारनिशीताई, नेहमीप्रमाणे वाचनीय. पण नाण्याची दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी. नेदरलँड्सचं लोकसंख्या रजिस्टर युद्धापूर्वी युरोपात नावाजलेलं होतं. नेटकं, अद्ययावत, आणि त्यात धर्म लिहिलेला. नाझी आले आणि त्यांना आयतं घबाड मिळालं. तिथल्या सुमारे तीनचतुर्थांश ज्यूंचा जीव गेला. मार्च १९४३ मध्ये प्रतिकार करणाऱ्यांनी ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालयच पेटवायचा प्रयत्न केला, आणि त्यापायी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना गोळ्या घातल्या गेल्या. रवांडात ओळखपत्रावर वंश छापलेला होता आणि १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तेच कार्ड तपासलं गेलं. 'एकही न सोडता नोंद' हे वाक्य मला आश्वासक वाटत नाही, धमकी वाटते. अर्धाकोड, तुमच्या प्रणालीत काय साठवताय तेही सांगा.

बारनिशी

उलटतपासणी, ह्यातलं काहीच खोडायचं नाहीये मला. फक्त एक फरक लक्षात घ्या. माणूस कुठे राहतो, कोण आहे, हे रोज अद्ययावत ठेवणारं रजिस्टर वेगळं. घटना घडली तेव्हाचा लेख वेगळा. जन्माचा दाखला मुलाला वय आणि आईबाप देतो, त्याला धर्म किंवा वंश लागत नाही. जो रकाना पुराव्यालाही लागत नाही आणि आकडेवारीलाही लागत नाही, तो अर्जातच नको. 'असू दे, पुढे उपयोगी पडेल' म्हणून ठेवलेल्या रकान्यांची मला फार भीती वाटते. आकडेवारीला जाणारी फाइल नावाशिवाय जावी आणि पूर्ण यादी उतरवून घ्यायचा अधिकार एकाच माणसाच्या हाती नसावा. हे प्रणाली बांधणाराच करू शकतो, तेव्हा अर्धाकोड, हे मसुद्यात नसलं तरी घाला.

पण नोंदवही फक्त सत्तेच्याच हातातलं हत्यार असते, हे मात्र मान्य नाही. दक्षिण आफ्रिकेत २००० च्या आसपास खुद्द राष्ट्राध्यक्ष एचआयव्हीमुळे एड्स होतो ह्यावरच शंका घेत होते. तेव्हा संशोधकांनी मृत्यूच्या नोंदी उघडल्या. म्हातारपणी मरायचं ते तरुणपणी मरताहेत, विशेषतः तरुण बायका, हे वयोगटांच्या आकड्यांत स्वच्छ दिसत होतं. प्रमाणपत्रांवर एड्स हा शब्द क्वचितच असे. क्षय, न्यूमोनिया असंच लिहिलेलं. (ग्राँट आठवला ना?) पण वय तर लपत नाही. १९९७ ते २००२ मध्ये तिथे वर्षाला नोंदवलेले मृत्यू निम्म्याहून जास्त वाढले आणि ते सरकारच्याच सांख्यिकी खात्यानं जाहीर केलं. स्वीडननं १७४९ मध्ये धर्मोपदेशकांकडून देशभराचे तक्ते भरून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आलेली लोकसंख्या राज्यकर्त्यांनी गुपित ठेवली होती, कारण ती वाटली होती त्यापेक्षा कमी निघाली. म्हणून माझी अट नोंदणीइतकीच आकडे वेळेवर छापण्याबद्दलही आहे. कपाटात बंद आकड्यांचा उपयोग फक्त किल्लीवाल्याला.

रात्रपाळी

मी ते प्रमाणपत्र भरणाऱ्यांपैकी. ताई, तुमचा पहिला अर्ज कदाचित माझाच असेल. :)

आमची बाजू ऐका. रात्री दोनला वॉर्डमधून फोन येतो. रुग्ण माझा नाही, त्याला मी जिवंत पाहिलेलंच नाही. केसपेपरवर दोन ओळी. नातेवाईक बाहेर गाडी बोलावून उभे आणि प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्यांना हलता येत नाही. क ओळीत जे दिसतं ते लिहितो. कॉलेजात हे शिकवलं होतं एका तासात, आणि परीक्षेला आलं नव्हतं. अर्धाकोड, एक कळकळीची विनंती: ख आणि ग ओळी सक्तीच्या करू नका. सक्तीच्या केल्यात की रात्री दोनला मी तिथे काहीतरी लिहीन, आणि ते रिकाम्या जागेपेक्षा वाईट असेल.

अर्धाकोड

अरे बापरे, मी नेमकं तेच करणार होतो. लाल चांदणी टाकून.

मग रिकामी सोडू द्यायची का?

बारनिशी

रात्रपाळी म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. रिकामं मला दिसतं. खोटं भरलेलं दिसत नाही.

असं करा. दफन-दहनाचा परवाना आणि कारणाचं प्रमाणपत्र वेगवेगळं करा. मृत्यू झाला एवढं रात्री नोंदवून नातेवाइकांना मोकळं करा. हिंसा, अपघात, संशय असेल तर अर्थात पोलिसांचा मार्ग वेगळा. कारण भरायला ज्या डॉक्टरनं रुग्णाला बघितलंय त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी अर्ज आपोआप जाऊ दे. क ओळीत 'हृदयक्रिया बंद', 'श्वास बंद', 'वार्धक्य' असं आलं की पडद्यावर एकच प्रश्न विचारा: 'हे कशामुळे झालं?' उत्तर आलं तर ते ख ओळीत. नाही आलं तर 'माहीत नाही' हे बटण असू दे, आणि ते दाबणाऱ्याला कसलाही दंड नको. 'आर ९९' हा संकेतांक त्याचसाठी आहे. कुठल्या रुग्णालयातून 'आर ९९' किती येतात ते महिन्याला बघा. जिथून फार येतील तिथे माणूस पाठवा, पत्र नको. पत्राला उत्तर म्हणून पुढच्या महिन्यात सगळे हृदयविकारानं मरतात.

आणि संकेतांक डॉक्टरला निवडू देऊ नका. त्यांनी शब्द लिहावेत, संकेतांक लावायला माझ्यासारखी माणसं किंवा तुमचा संगणक आहे. घरी झालेल्या मृत्यूंना डॉक्टरच नसतो, त्यासाठी घरच्यांना विचारायची प्रश्नावली वेगळी लागते. ती ह्या अर्जात कोंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेची तयार प्रश्नावली आहे, तिथून सुरुवात करा आणि प्रश्न लोकांच्या बोलीत आणा.

कट्टेकरी

म्हणजे माझा ड्रॉपडाऊन गेला.

अर्धाकोड

गेला. डिझायनरला धाग्याची लिंक पाठवली आहे. तो विचारतोय, 'माहीत नाही' हे बटण राखाडी ठेवायचं की हिरवं.

रात्रपाळी

बाकीच्यांसारखंच. वेगळा रंग दिलात की रात्री कोणी दाबणार नाही.